काल पेटवलेली शेगडी

सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काहीही सुरू करायचं झालं, की आधी ते कधी सुरू करायचं नाही हे ठरतं. लिफ्ट बसवून तयार झाली तेव्हा पौष लागला होता, म्हणून पौष संपेपर्यंत आम्ही जिने चढलो. मी तर एलिशेवाला कडेवर घेऊन. शेवटी हौसामावशींनी नारळ फोडला, पहिलं बटण दाबलं आणि लिफ्ट पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. मावशी आतच होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी पदर झटकला आणि म्हणाल्या, पौषात चालू केली असती तर थेट तळघरात गेली असती. आमच्या बिल्डिंगला तळघर नाही, पण तेव्हा कोणी काही बोललं नाही.

न बोलण्याचं कारण असं की जमीन त्यांची. आधी तिच्यावर भात होत असे, मग विटा होत असत, आता आम्ही राहतो. तळमजल्यावरचे तीन फ्लॅट एक करून मावशी, बळीरामकाका, त्यांचा मुलगा प्रणित आणि सून दिपिका असे राहतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी आदिना, माझा नवरा नाथन, सासरे, म्हणजे जेकबपप्पा, आणि दीड वर्षाची एलिशेवा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पनवेलात आमची घरं आता मोजकीच उरली आहेत; बाकीचे कोणी ठाण्याला गेले, कोणी इस्रायलला. आम्ही कुठे गेलो नाही, फक्त पनवेलातून सुकापूरला आलो.

दिपिका एका दुपारी डबा परत करायला वर आली आणि डबा हातातच ठेवून दारात उभी राहिली. नवीन विमानतळावर काउंटरसाठी मुली पुरवणाऱ्या एका कंपनीत तिने अर्ज केला होता आणि पहिल्या चाळणीतून ती पुढे गेली होती. आता मुलाखत व्हायची होती, फोनवर, आणि सगळी इंग्रजीत. कधी ते ठरलं नव्हतं, पण महिन्याभरात नक्की. ती बी.कॉम. झालेली, पण मराठी माध्यमातून. वाचलेलं सगळं कळतं, बोलायला गेलं की घशात अडकतं, त्या लिफ्टसारखं, असं तिने सांगितलं.

नोकरीची गरज काय, असं बळीरामकाकांचं म्हणणं. पगारच हवा असेल तर तो मीच देतो, असंही ते म्हणाले होते. त्यावर मावशींनी त्यांना विचारलं होतं, "पगार तुमी द्याल, पन ईमानातली मानसं आपल्या वट्यावर येतील काय?" म्हणजे मावशी तिच्या बाजूने होत्या. दिपिकाचं स्वतःचं कारण वेगळंच होतं. तिचं माहेर गव्हाणचं. तिच्या वडिलांच्या शेतातून आता विमानतळाकडचा रस्ता निघतो. लहानपणी तिथल्या बांधात हात घालून ती चिंबोऱ्या पकडायची. "आता तिथून कोन येतं, कोन जातं, ते मला बघायचं हाय ताई," ती म्हणाली. कोणी आपल्या शेताचा हिशेब मागावा तसं नाही. कोणी आपल्या घरात पाहुणे कोण आलेत ते विचारावं, तसं.

मी लगेच हो म्हटलं. इंग्रजीच्या बाबतीत मला भीती वाटत नाही. एम.ए. केलंय, एलिशेवा पोटात राहीपर्यंत शाळेत शिकवलंय. भीती मला बाकी सगळ्याची वाटते. खिडकीच्या ग्रिलची, गॅसच्या नॉबची, शेंगदाण्यांची, बाळ जास्त वेळ झोपलं तर त्या झोपेची. घरात आवाज झाला की मी बघायला जाते, आणि आवाज झाला नाही की धावत जाते.

तर प्रश्न एवढाच होता, शिकवणी कधी सुरू करायची.

मी रविवार म्हटलं. मावशी म्हणाल्या, रविवारी अमावास्या. सोमवारी एलिशेवाला दाढ येऊन ताप भरला. ताप उतरला तर पप्पांनी आठवण केली, की आपल्याकडे नवं काम मलिदा केल्याशिवाय सुरू करत नाहीत. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं असं सगळं ताटात मांडून आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घ्यायचं आणि मग वाटायचं. पण प्रार्थना नीट व्हावी म्हणून पप्पांना ठाण्याहून त्यांचा पुतण्या डॅनियल हवा होता, आणि डॅनियलला दोन रविवार सवड नव्हती. मावशींनी यातून मार्ग काढला. शनिवार घ्या, म्हणाल्या, मारुतीचा वार, चांगला.

मग मला सांगावं लागलं. एलिशेवा दिवस भरायच्या खूप आधी जन्मली. हॉस्पिटलात ती काचेच्या पेटीत होती आणि तिच्या नाकात नळी होती, तेव्हा मी नवस बोलले होते, की ही घरी आली तर शनिवार पाळीन. शुक्रवारी दिवे लागल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवणार नाही, फोनला हात लावणार नाही. आमच्यातही हल्ली इतकं सगळे पाळत नाहीत. नाथनला कधी शनिवारी बंदरावर ड्यूटी लागते; पप्पा त्याला रागवत नाहीत, फक्त प्रार्थनेनंतर प्यायच्या मनुकांच्या सरबताची त्याची वाटणी झाकून ठेवतात. पण माझा नवस माझा आहे. आणि खरं सांगायचं तर तो मोडला तर काय होईल, या विचाराच्या वाटेलाही मी जात नाही.

मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नवसाला आमी कधी नाय म्हनत नाय. त्यांनी ते किती मनावर घेतलं, ते मला पुढे कळायचं होतं.

असे दिवस चालले. दोन्ही घरं एकमेकांचा मान राखत होती आणि मुलाखत जवळ येत होती. मग एका सकाळी दिपिका मिक्सरचं भांडं घेऊन वर आली. खाली चटणी वाटायची खोळंबली होती. मिक्सर स्टार्टच होत नाय, म्हणाली. मी एलिशेवाला पेज भरवत होते. मान वर न करता मी तिला म्हटलं, हेच इंग्रजीत सांग.

ती थांबली. मग म्हणाली, "द मिक्सर इज नॉट स्टार्टिंग."

"काल?"

"यस्टर्डे इट स्टार्टेड."

"मग आज काय झालं?"

तिने काय झालं ते सांगितलं. दोन चुका केल्या, एक स्वतःच सुधारली. आमच्या मिक्सरमध्ये तिची चटणी झाली, मग चटणी कशी केली ते झालं, मग सासू चटणीत काय काढते तेही झालं. एलिशेवा पेज खाऊन, मांडीवर झोपून उठली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शिकवणी सुरू झाली. ना नारळ, ना मलिदा. वार कुठला होता तेही कोणी पाहिलं नव्हतं.

पुढे बरेच दिवस मी तिला त्या एकाच क्रियापदावरून हलू दिलं नाही. तिला शेकडो शब्दांचे अर्थ पाठ होते आणि वापरता एकही येत नव्हता. घरात भांडी भरपूर आणि चूल एकही पेटलेली नाही, तशातली गत. म्हणून म्हटलं, हा एक शब्द घे आणि घरभर फिर. ती फिरली. पाण्याची मोटर स्टार्ट झाली, एलिशेवा रडायला स्टार्ट झाली, सासऱ्यांची झोप बातम्या स्टार्ट झाल्या की स्टार्ट होते. प्रणितने एका जेसीबीने धंदा स्टार्ट केला. रस्ता कुठून स्टार्ट होतो, शाळा कधी स्टार्ट होते, आणि कोणी प्रश्न विचारायला बसलं की पहिलं वाक्य, 'लेट अस स्टार्ट विथ युअर नेम.'

बिगिन कुठे आणि स्टार्ट कुठे, हेही तिने विचारलं. मी सांगितलं, बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतात. प्रार्थना बिगिन होते, पुस्तक बिगिन होतं. पण स्कूटी बिगिन होत नाही. 'आय बिगॅन माय स्कूटी' म्हणालीस तर इंग्रजीला फारसं लागणार नाही, पण स्कूटी जागची हलायची नाही. 'डोन्ट स्टार्ट' म्हणजे पुन्हा तेच सुरू करू नकोस. हे तिने रात्रीच्या जेवणात प्रणितवर चालवून पाहिलं. प्रणितने अर्थ विचारला. तो मराठीत समजावून सांगेपर्यंत भांडण थंड होऊन गेलं, अशी तिने तक्रार आणली.

आणि याच शब्दाचा एक अर्थ दचकणं असाही आहे, हे कळल्यावर तर तिने डोळेच मोठे केले. वाक्य कर, म्हटलं. तिने पाळण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश म्हणाली, "आदिनाताई स्टार्ट्स व्हेन द बेबी इज सायलेंट."

मी काही सुधारलं नाही. वाक्य बरोबर होतं.

घोडं अडत होतं ते एका प्रश्नावर. नोकरी देणारा माणूस शेवटी तो विचारतोच: व्हेन कॅन यू स्टार्ट? कधीपासून येऊ शकाल? दिपिकाचं उत्तर दर वेळी लांबत जायचं. घरी विचारते, सासरे हो म्हणाले तर, वार बघून, सासूबाईंना सवड असली तर. सगळं खरं होतं, आणि इंग्रजीही वाईट नव्हतं. पण मी तिला सांगत होते, की त्यांना तुझ्या घरचं काही नको असतं, एक दिवस हवा असतो. दिवसाचं नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. हौसामावशी तेव्हा आमच्या दाराशी एलिशेवाला मांडीत घेऊन वाल सोलत असायच्या. मुलीला त्यांच्याकडे देताना मी आधी वालाचे दाणे तिच्या हाताच्या बाहेर सरकवायचे, आणि मावशी ते माझ्याकडे न बघता परत जवळ ओढायच्या. त्या म्हणायच्या, "दिवस बघितल्याबिगर दिवस सांगायचा कसा? तुमचं इंग्लिश लय घाईचं."

एका शुक्रवारी संध्याकाळी मी नारळाच्या दुधातला माशांचा रस्सा विजेच्या शेगडीवर मंद आचेवर ठेवत होते. आम्ही तो दिवे लावायच्या आधी ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच वाढतो. काळ्या मनुकांचं सरबत गाळून झालं होतं. तेवढ्यात मावशी आल्या, मागे दिपिका. मावशींचा चेहरा नातवाचं बारसं ठरल्यासारखा.

"कंपनीचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "उद्या अकराला मुलाखत ठेवली म्हनं. मी दिपिकाला सांगितलं, शनवार नाय चालत म्हनून सांग. तिनं सांगितलं. इंग्लिशमधी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मावशी, शनिवार मला चालत नाही. तिला चालतो."

"तुमी तिच्या गुरू ना? गुरूचा बंद दिवस शिष्याला उघडा कसा व्हईल, बाय?"

त्यांनी मला समजावलं. त्यांचं माहेर चिरनेरचं. त्यांचे वडील ज्या बुवांकडे मृदंग शिकले त्या बुवांचा गुरुवार बंद असे. बुवा वारले तरी वडिलांनी गुरुवारी कधी मृदंगाला हात लावला नाही. सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा नाही. ज्याच्याकडून विद्या घ्यायची त्याचा नेमही घ्यायचा, एवढी साधी गोष्ट. त्या मला मान देत होत्या. इतका मान मला शाळेतल्या नोकरीत कधी कोणी दिला नव्हता.

मी दिपिकाला विचारलं, समोरची बाई काय म्हणाली. "ओके, वुइ विल सी, म्हनाली. आनि फोन ठेवला." दिपिकाचा आवाज बारीक झाला होता. 'वुइ विल सी' म्हणजे काय ते तिला आता समजत होतं. तेवढं मीच शिकवलं होतं.

ऊन समोरच्या बिल्डिंगच्या टाक्यांवर गेलं होतं. मी नंबर घेतला आणि स्वतः लावला. घंटी वाजत राहिली आणि मग रेकॉर्ड केलेल्या आवाजाने सांगितलं, की ऑफिस बंद झालंय, उद्या सकाळी नऊनंतर फोन करा. पप्पांनी दिवे टेबलावर आणून ठेवले होते. ते काड्यापेटी हातात घेऊन उभे होते. मी फोन खणात टाकला, डोक्यावर ओढणी घेतली आणि दिवे लावले.

सकाळी नाथन ड्यूटीवर गेला. नऊ वाजून थोडा वेळ झाला असेल, दाराशी दिपिका. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, हातात फोन. मागे मावशी. त्यांचा चेहरा आज बारशाचा नव्हता. रात्री प्रणितने त्यांना काय ते सांगितलेलं दिसत होतं.

"ताई, तुमीच बोला," दिपिका म्हणाली. "मी नंबर लावून देते. तुमी नुसतं बोला. तुमच्या इंग्लिशपुढं ती बाई नाय म्हननार नाय."

ते खरं होतं. सगळं संभाषण माझ्या डोक्यात रात्रीपासून तयार होतं. नमस्कार कसा करायचा, गैरसमज हा शब्द कुठे घालायचा, शेवटी आभार कसे मानायचे. दोन मिनिटांचं काम. एलिशेवा जमिनीवर बसून चमचा वाटीवर आपटत होती आणि मला त्याच वेळी ती काचेची पेटी दिसत होती. माझा हात पुढे गेला. अर्धाच.

पप्पांनी तो बघितला. ते खिडकीपाशी प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसले होते. पोस्टात चाळीस वर्षं काउंटरवर बसलेले असल्यामुळे ते कोणालाही आधी रांगेत उभं करतात आणि मग बोलतात.

"आदिना, शेगडीवर काय आहे?"

मी म्हटलं, रस्सा.

"कधीपासून?"

"कालपासून."

"आज ती तू पेटवली नाहीस. काल पेटवलेली आहे, ती चालू आहे, आणि आपण दुपारी गरम जेवणार आहोत. त्यात काही मोडलं का?" त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "हिची शिकवणी कधी सुरू झाली?"

"मिक्सर बिघडला त्या दिवशी."

"मलिद्याशिवाय. ते माझ्या लक्षात आहे," पप्पा म्हणाले. "पण सुरू झाली. मग आज ती नुसती चालू आहे. तू तिच्याजवळ बस. फोन तिचा, आवाज तिचा. तू फोनचा नवस केलास, बसायचा नाही केलास."

दिपिकाने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची ओढली. मावशींनी बाहेरूनच विचारलं, त्यांनी आत आलेलं चालेल काय. पप्पा म्हणाले, पाहुण्यांना शनिवारी कोणी थांबवत नाही. त्या आल्या, जमिनीवर बसल्या, आणि एलिशेवा आपण होऊन चमच्यासकट त्यांच्या मांडीत गेली.

दिपिकाने नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. बाईंचा आवाज घाईतला होता. दिपिकाने नाव सांगितलं, काल मी नाही म्हणाले होते असं सांगितलं, आणि मग म्हणाली, "मॅडम, आय वॉन्ट टू स्टार्ट अगेन."

बाईंनी विचारलं ते सरळ होतं. विमानतळ सातही दिवस चालतो. शनिवार जमत नसेल तर आत्ताच सांगा, दोघांचा वेळ वाचेल.

इथे मी बोलायला हवं होतं असं माझ्या सगळ्या अंगाला वाटत होतं. मी टेबलाची कड धरून बसले. दिपिकाने सांगितलं, की शनिवार माझा प्रॉब्लेम नाही, माझ्या टीचरचा शनिवार आहे. माझ्या घरात टीचरचा दिवस पाळतात. पण टीचरच्या घरी म्हणतात, की काल सुरू केलेलं आज चालू राहू शकतं. तिच्या इंग्रजीत काळ एकमेकांत मिसळले, दोन ठिकाणी 'द' राहिला, आणि मी एकही जागच्या जागी बसवू शकले नाही.

 मग बाईंनी विचारलं, कोण तुमच्या टीचर.

"शी इज सिटिंग हिअर," दिपिका म्हणाली. "शी विल नॉट टॉक टुडे."

बाई हसल्या. हसू चांगलं होतं. आता अकरापर्यंत कशाला थांबायचं, म्हणाल्या, मी मोकळी आहे, आत्ताच बोलू. आणि त्यांनी सुरुवात नावापासून केली. चिडलेला प्रवासी, हरवलेली बॅग, विमान चुकलेली म्हातारी. दिपिका बोलत गेली. अडकली की श्वास घेत होती, आणि पुढे जात होती. बाईंनी विचारलं, तुमच्या घराजवळून विमानतळावर यायला रस्ता नीट आहे का. साधा प्रश्न, वेळेवर येणार की नाही एवढंच बघायला विचारलेला. दिपिका म्हणाली,

"द रोड स्टार्ट्स इन माय फादर्स फील्ड, मॅडम."

हे वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिने काही न मागता, रागाचा सूर न लावता, पत्ता सांगावा तसं सांगितलं. मावशींना इंग्रजी कळत नाही, पण त्यांनी एलिशेवाच्या हातातला चमचा धरून वाटीचा आवाज बंद केला.

बाई म्हणाल्या, बरं. मग तो प्रश्न आला. "सो, दिपिका. व्हेन कॅन यू स्टार्ट?"

'स्टार्ट' एवढा शब्द मावशींना आता पाठ होता. त्यांनी हात वर केला. तळहात समोर, जसा गाडीला थांबवायला करतात तसा. ओठांनी त्या काहीतरी सांगत होत्या, आणि मला कळलं, दिपिकालाही कळलं: सोमवारी अमावास्या. मागच्या अमावास्येपासून महिना होत आला होता, याचा विचार आमच्यातल्या दुसऱ्या कोणीच केला नव्हता.

दिपिकाने सासूकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. फोनवर एवढं थांबू नये असं मीच तिला सांगितलेलं. मग ती फोनकडे वळली.

"मंडे," ती म्हणाली. आणि गप्प बसली.

बाई म्हणाल्या, गुड, सोमवारी नव्या मुलींची बॅच निघतेय, नऊला कागद घेऊन या.

फोन बंद झाला. दिपिकाने हात मांडीवर पुसले. पप्पांनी पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही. आम्ही तिघंही मावशींकडे बघत होतो.

"आमाशाला," मावशी म्हणाल्या.

"आई, सुरू मी कवाच केलंय," दिपिका म्हणाली. "त्यांच्या शेगडीसारखं. सोमवारी नुसतं जायचं हाय."

मावशींनी यावर विचार केला. त्यांनी एकदा आमच्या स्वयंपाकघराकडे बघितलं, जिथून रश्शाचा वास येत होता, आणि मग मान हलवली. शेगडी तुमची, म्हणाल्या, ती तुमाला लागू. आमचं आमी बघू. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या घरचं होतं. जायचा दिवस चांगला नसेल तर आदल्या चांगल्या वेळी प्रस्थान ठेवतात. जाणाऱ्याची एखादी वस्तू घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. अमावास्या रविवारी दुपारनंतर लागते, तेव्हा रविवारी सकाळी दिपिकाची पर्स आमच्याकडे ठेवायची.

"म्हंजे ती रईवारीच निघाली," मावशी म्हणाल्या. "सोमवारी ती वाटेत असंल. वाटंत आमाशा लागली तर मानूस काय मागं फिरतो?"

पप्पा पहिल्यांदा हसले. चाळीस वर्षं पार्सलं घेतली, म्हणाले, ही असली कधी घेतली नाही.

रविवारी सकाळी डॅनियलला पुन्हा जमलं नाही, तेव्हा पप्पांनी स्वतःच मलिद्याची प्रार्थना म्हटली. नारळ मावशींनी खवले. माझा खवलेला त्यांना जाड वाटला. नाव कोणाचं घेता, त्यांनी विचारलं. पप्पांनी एलियाहू हन्नाबीची गोष्ट सांगितली, आणि अलिबागेकडे खंडाळ्याला खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे असं आमच्यात मानतात, तेही. "म्हंजे शेजारचेच," मावशी म्हणाल्या आणि हात जोडले. ताटाच्या बाजूला दिपिकाची तपकिरी पर्स होती. आत तिचे कागद, एक सुपारी आणि मूठभर तांदूळ. एलिशेवाने सुपारी काढून तोंडात घालायचा बेत केला होता; मी दचकले, पण तोवर मावशींनी तिच्या हातात केळं दिलं होतं.

सोमवारी दिपिका वर आली ती तयार होऊन. दही-साखर खालीच खाऊन आली होती. पर्स आमच्या घरून घेतली आणि आमच्या दारातून निघाली. मावशी आधीच वर येऊन बसल्या होत्या. खाली उभी राहिले तर आमाशाचं निघनं मला दिसंल, असं त्यांचं म्हणणं होतं. बळीरामकाका मात्र खाली होते आणि स्कूटीच्या टायरची हवा अंगठ्याने दाबून बघत होते, कोणी बघत नाही असं समजून.

मी फाटकापर्यंत गेले. दिपिकाने बटण दाबलं, स्कूटी घरघरली आणि बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी काकांकडे बघितलं, काका माझ्याकडे. अमावास्या हा शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नाही. तिने उतरून स्टँड लावला, चोक ओढला, किक मारली, आणि एंजिन लागलं.

"इट स्टार्टेड," ती म्हणाली, आणि वळणावरून विमानतळाच्या रस्त्याला लागली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी तिथेच उभी राहिले. सकाळ होती, कुठल्यातरी घरात कुकर झाला, काका आत गेले. तिसऱ्या मजल्यावरून, आमच्या घरातून, काहीच आवाज येत नव्हता. रडणं नाही, चमचा नाही. मी तशीच भाजीवालीकडे गेले, मेथीच्या दोन जुड्या निवडून घेतल्या, आणि मग लिफ्टने वर आले.